टाकी एकच आहे

दोन दिसतात? कुणाला दोन दिसतात? — वडिलांना ना? मग तसं म्हणा की ताई, ‘दुर्बीण दोन दाखवते’ असं काय म्हणता! बसा. तिकडे नको, या उजवीकडच्या स्टुलावर बसा, तिकडून कुणी बोललं की मला — तिकडे माझं सामान असतं, पडायचं एखादं. हं. महिन्यापूर्वी फोनवर काय सांगितलं मी? दुर्बिणीत दोष नाही, कॅप्टनसाहेबांचे डोळे तपासून घ्या. तुम्ही तपासलेत, आणि डॉक्टर म्हणे वयाच्या मानाने उत्तम आहेत. वयाच्या मानाने! माझ्याही बाबतीत असंच म्हणाला होता तो शहाणा. सोडा. आणा इकडे.

ही आली तेव्हा काय दशा होती आठवतं? तुमच्या हातात पिशवी होती, पिशवीत चिखलाचा गोळा म्हटला तरी चाललं असतं. लढाईतनं आल्यापासून माळ्यावर पडलेली. आत लोलकांवर बुरशी अशी पसरलेली — लोलक म्हणजे आतले काचेचे तिकोनी ठोकळे, त्यांच्यावरच सगळा खेळ असतो — ग्रीसचं तर डिंकासारखं झालेलं, डोळ्याकडची नळी फिरवायला मला तिला दोन-तीनदा ऊब द्यावी लागली. दुसरा कुणी असता ना, पकड लावून पिळली असती आणि मोडून ठेवली असती. मी एकेक स्क्रू काढला, तो ज्या भोकातला त्याच भोकात परत गेला. काळा रंग उडून पितळ दिसत होतं, ते तसंच ठेवलं — बोटं धरायची तिथे घासलेलं आहे ते, तिथे रंग फासणारा माणूस मी नव्हे. आणि उजव्या नळीतली ती बारीक रेघांची पट्टी, जिच्यावरून तुमचे वडील तोफेचे गोळे कुठे पडतायत ते सांगायचे, ती श्वाससुद्धा न टाकता पुसली. एवढं करून वर हे ऐकायचं. दोन दिसतात!

हे बघा — आता मी लावतो डोळ्याला. समोर पाण्याची टाकी. वर शिडी. शिडीवर पक्षी बसलाय, पंख साफ करतोय. एक टाकी, एक शिडी, एक पक्षी. मला तर एकच दिसतं ताई! मला कायम एकच दिसतं. ही डावी नळी — थांबा, या डोळ्याने बघतो — स्वच्छ. ही उजवी — स्वच्छ. दोन्ही काचेसारख्या लख्ख. आणखी काय हवं माणसाला?

काय म्हणालात? गच्चीला कुलूप घातलंत? — बरं केलंत. ज्या माणसाला एकाचे दोन दिसतात त्याने जिना कशाला चढायचा. रागावले असतील. रागावणारच, रोज सकाळी वर जायची सवय. — बोलतच नाहीत? मग नका बोलू म्हणावं. माझ्याशीही कोण बोलतं? या टेबलाला दोन खुर्च्या का आहेत विचारा. विचारा ना! दुसरी धाकट्याची. माझा सख्खा धाकटा भाऊ. आमच्या बाबांचा नियमच होता, एकाने बसवलेली दुर्बीण दुसऱ्याने बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. मग बसवणारा कितीही मोठा असो. बाबांची बसवलेली आम्ही बघायचो, पोरं होतो तरी! बाबा गेले, आम्ही दोघं राहिलो — मी बसवायचो, तो बघायचा. सगळं सुरळीत. आणि मग एक दिवस याचं सुरू झालं. “दादा, जुळत नाहीये.” म्हटलं, नीट बघ. “दादा, दोन दिसतायत.” प्रत्येक दुर्बिणीला तेच! प्रत्येक, ताई! माझ्या हाताखालून गेलेल्या एकूण एक दुर्बिणीत याला खोट दिसायला लागली. दुसऱ्या कुणाच्या हातची आली तर चांगली — मी बसवली की दोन. आता याला काय म्हणायचं? मी म्हटलं, तुझी नजर गेली. गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, लपवतो कशाला. धरून नेऊन चष्मा करवून दिला. चष्मा लावूनही म्हणे दोनच. मग मी म्हटलं की नजर नाही, मन फाटलंय तुझं, दुकान एकट्याचं करायचंय तुला. भावजय आली रडत, “दादा, ते रात्ररात्र विचार करतात हो, माझंच काही चुकतंय का म्हणून.” म्हटलं, करू दे विचार, सुचेल काहीतरी.

आता कुठे? आहे की, याच रस्त्याच्या टोकाला. चष्म्याच्या दुकानात फ्रेमा पुसतो, शर्टाला बिल्ला लावून. ज्या हाताने लोलक धरले त्या हाताने लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो. मी त्या बाजूने जातच नाही. गेलो तरी तो माझ्या डाव्या हाताला येतो, त्यामुळे — म्हणजे दिसत नाही असं नाही. थोडं धुकं असतं त्या डोळ्यात. सकाळी असतं. दुपारीही असतं.

तुम्ही का कपाळ चोळताय? — डोकं दुखतं? कधीपासून? — ही बघितल्यापासून? पण तुम्हाला तर एकच दिसतं म्हणालात. वडिलांना दोन आणि तुम्हाला एक, म्हणून तर आपण ठरवलं की डोळे त्यांचे — थांबा. थांबा जरा. रोज दुखतं? बघितली की दुखतं आणि ठेवली की थांबतं?

जरा उठा ताई. अशा खिडकीशी या. कोपरं चौकटीवर टेका, दुर्बीण डोळ्याला धरा, आता डोळे मिटा. मिटून ठेवा. तरुण डोळे भारी सोशिक असतात, नळ्या जुळल्या नसल्या तरी ओढूनताणून दोन्ही चित्रं एक करतात आणि मग डोकं ठणकतं. म्हातारे डोळे नाही करत. त्यांच्यात तेवढी ओढ राहात नाही, जे आहे ते दिसतं त्यांना. हं — उघडा! एकदम उघडा! पहिल्यांदा काय दिसलं? नंतरचं नको, अगदी पहिल्यांदा?

— दोन.

परत मिटा. उघडा. — दोनच.

धाकटाही असंच करायचा. डोळे मिटून बसायचा आणि टचकन उघडायचा. मी म्हणायचो, नाटकं करतोय.

नाही, बसू नका. तशाच उभ्या राहा, हलू नका. माझा स्क्रू ड्रायव्हर — तो नव्हे, लाल मुठीचा — तुमच्या पायाशी पडलाय का बघा, मला तिथलं — द्या. मी फिरवतो, तुम्ही सांगा. दर वेळी डोळे मिटून उघडायचे. डावी टाकी वर आहे की खाली? वर. किती? शिडीच्या एका पायरीएवढी. हं. आता? कमी झाली. आता? — जास्त झाली, बरं, उलटा फिरवतो. मला काय विचारता, मला एकच दिसते, मला या जगात सगळं एकच दिसतं, तुम्ही सांगा! आता? — परत मिटा. उघडा. — एक? नक्की एक? पक्षी? — उडून गेला. जाऊ दे. टाकी एक आहे ना? बस्स.

घ्या. पट्टा गळ्यात घालूनच न्या, पडली तर परत सुरुवातीपासून. घरी गेल्या गेल्या पहिलं गच्चीचं कुलूप काढा. आणि त्यांना सांगा, तुमचे डोळे चांगले होते, पहिल्यापासून चांगले होते, दोष बसवणाऱ्याचा होता. अगदी याच शब्दांत सांगा. ‘दुरुस्ती राहिली होती’ वगैरे गुळमुळीत नको. म्हाताऱ्या माणसाला महिनाभर स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावला, तेही तुमच्याच तोंडून वदवलं. बोलले नाहीत तरी सांगा.

नको, पैसे आत ठेवा. म्हटलं ना, ठेवा आत.

आणि — ताई, एक मिनिट. घरी जाण्याआधी त्या टोकाच्या दुकानात जा. बिल्लेवाला. त्याच्या हातात ही द्या आणि म्हणा, एकदा बघून द्या. तुम्ही बघितलीत हे खरं, पण गिऱ्हाइकाची नजर धरत नाहीत. बाबांचा नियम. तो काही विचारणार नाही, स्क्रू बघूनच ओळखेल कुणाच्या हातची आहे ते. डोळे मिटेल, उघडेल. काय म्हणाला ते मला येऊन सांगायची गरज नाही.

मी पाठवलं म्हणून नका सांगू. मी कसा आहे विचारलं तर — विचारायचा नाही तो. विचारलंच तर सांगा, दुकान बंद होतं.

बघता काय? निघा. जाताना ती दारावरची पाटी उलटी करा, म्हणजे खोटं पडायला नको.