लवदार पानांना रोजची आंघोळ

रोपवाटिकेच्या रांगेत पुढच्या मुलीने कुंडी वडिलांच्या नाकाखाली धरली, तसे मागे उभ्या सुताराचे कान टवकारले.

“बाबा, पंधरा दिवसांतून एकदाच पाणी, अशी चिठ्ठी मी कुंडीवर चिकटवून गेले होते ना?”

“रोज घोटभरच घालायचो गं.”

“रोज? तेही पानांवर? लवेत पाणी साचतं. सशाच्या कानांसारखी पानं, पार लगदा झाला!”

“मला वाटलं, धूळ बसलीये.”

“लव होती ती! किती डोकं फोडू? फोनवर तर ‘झाड मजेत आहे’ म्हणायचात.”

“तू गेल्यापासून सकाळचा चहा एकट्याला जात नाही. मी चहा प्यायचो, त्यालाही घोटभर पाणी पाजायचो.”

मुलीने कुंडी खाली ठेवली आणि माळ्यावरच खेकसली, “काका, यातलं एखादं पान जगतंय का बघा. आणि यांना रोज पाणी लागणारं झाड द्या!”