टायगरच्या नावाचं पत्र

आमच्या टायगरला एकदा परदेशातून पत्र आलं होतं. खोटं नाही सांगत, ऐका.

माझा मोठा भाऊ सुरेशदादा लांज्यात लॅब्रेडॉर कुत्री पाळायचा. एकदा त्याने विकलेली, टायगरच्या आधीच्या जोडीची दोन पिल्लं मोठी होऊन आंधळी झाली. आजार आईबापाकडून आलेला. तेव्हापासून दादाने ठरवलं, रक्त तपासल्याशिवाय टायगरची पिल्लं काढायची नाहीत.

शेजारचे अण्णा हसायचे. "कुत्र्याची पत्रिका बघतोस होय रे?"

"तुमच्या पत्रिका चुकतात अण्णा, ही नाय चुकायची."

परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायला गुरांच्या डॉक्टरांनी रक्त काढलं तेव्हा दादा टायगरला धरून बसला होता. मला म्हणाला, "फॉर्म तू भर. इंग्रजी अक्षरं येतात ना?" मी न विचारता धडाधड भरला.

निकाल यायच्या आधीच दादा तापाने गेला. आठ दिवसांत.

महिन्याने पत्र आलं. वाचता वाचता डॉक्टर थांबले. "अरे, मालकाच्या जागी कुत्र्याचं नाव लिहिलंस आणि कुत्र्याच्या जागी दादाचं!"

"वाचा तरी."

"श्री. टायगर यांस. आपला सुरेश पूर्ण निरोगी आहे. डोळ्यांचा आजार त्याच्यात नाही, पिल्लांतही त्याच्याकडून उतरणार नाही."

दादाचं नाव ऐकून टायगर उठला आणि दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिला.

"नावं दुरुस्त करून मागवूया," डॉक्टर म्हणाले.

मी पत्र त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. "नको डॉक्टर. एवढ्या एका कागदावर तरी दादा बरा आहे. राहू दे."