सतरा रविवारांचा आगमनकाळ

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय उत्तरेश्वरराव, व्यासपीठावरचे फादर सोमनाथ, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या सिस्टर रेमेडिया, समोर सतरंजीवर बसलेल्या वसतिगृहाच्या सगळ्या मुली, आणि मागं दाराशी उभं राहून ‘चहा कधी द्यायचा’ असं मला डोळ्यांनी विचारणाऱ्या आमच्या सारजामावशी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी संगीता. गाव लिंबागणेशजवळची एक वस्ती. याच वसतिगृहात मी सात वर्षं राहिले. सध्या एसटीत कंडक्टर आहे. मला माईकची सवय नाही, ओरडायची आहे, तेव्हा आवाज मोठा झाला तर ज्येष्ठांनी राग धरू नये. उत्तरेश्वररावांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आमच्या गाडीची पाच मिनिटं किती असतात, हे चौसाळ्याच्या फाट्यावर उभं राहिलेल्या माणसाला विचारा.

आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. फादरांनी सकाळी मिस्सामध्ये आगमनकाळाचा अर्थ फार सुंदर सांगितला. ख्रिस्तजन्माच्या आधीचे हे चार आठवडे म्हणजे वाट पाहण्याचे दिवस, मन साफ करण्याचे दिवस. मी काही तुमच्या धर्माची नाही, घरी आमची सटवाई आणि खंडोबा. पण फादर, माफ करा, हा अर्थ मला तुमच्याही आधी शिकवला गेला होता. तो कसा, तेवढंच सांगते आणि खाली बसते.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नऊ वर्षांची होते. दिवाळी झाली आणि आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला सांगलीकडं गेले. मला इथं सोडताना आईनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळे ताणले गेले. म्हणाली, “पट्टा पडला की येते. तवर सोडू नकोस.” कारखान्याचा हंगाम संपतो त्याला आमच्याकडं पट्टा पडला म्हणतात, हे पाहुण्यांसाठी सांगितलं. आता वेणी कुठं पाच महिने टिकते का? पण मी आठ दिवस डोक्याला फणी लावू दिली नव्हती.

मग डिसेंबर आला. सिस्टरांनी सारजामावशीची पीठ मळायची परात घेतली, तिच्यात वाळू भरली, कडेनं कडुलिंबाच्या डहाळ्या लावल्या आणि मधे चार मेणबत्त्या खोचल्या. बीडच्या बाजारात जांभळ्या मेणबत्त्या मिळेनात, म्हणून पांढऱ्या मेणबत्त्यांना खालून पतंगाचा जांभळा कागद गुंडाळला, आणि एकीला गुलाबी. सारजामावशी आठवडाभर कुरकुरत होत्या, “परात देवाला दिली, आता भाकरी काय माझ्या डोक्यावर थापू?” हसताय काय मावशी, म्हणालाच होतात तुम्ही!

पहिली मेणबत्ती पेटवताना सिस्टर म्हणाल्या, “मुलींनो, दर रविवारी एक. चार पेटल्या की ज्याची आपण वाट बघतोय तो येईल.” आम्ही बत्तीस मुली. सगळ्यांचे आईबाप उसाच्या फडात. सिस्टर बोलत होत्या येशूबाळाबद्दल. पण बत्तीस पोरींनी काय ऐकलं असेल, सांगा बरं?

चौथी मेणबत्ती पेटली तो रविवार. दुसऱ्या दिवशी नाताळ. सकाळी सगळ्याजणी करंज्या खायला धावल्या आणि मी माझी पिशवी भरून, चपला घालून फाटकापाशी जाऊन बसले. सिस्टर शोधत आल्या. “कुठं चाललीस गं?” मी म्हटलं, “घरी. चार झाल्या की.” त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचं तोंड पडलं. म्हणाल्या, “अगं, मी बाळ येशूचं सांगत होते.” मी म्हटलं, “मग तुमचा आला. माझी आई कावून न्हाई आली?”

सिस्टर त्या स्वच्छ पांढऱ्या झग्यानिशी मातीत माझ्या शेजारी बसल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं ते आजही शब्दाला शब्द आठवतं. म्हणाल्या, “संगीता, तो तर कधीच येऊन गेलाय. तरी आम्ही दरवर्षी वाट बघतो, कारण तो पुन्हा यायचाय. वाट बघायची म्हणजे दिवस मोजायचे नाहीत. त्याची जागा कुणाला द्यायची नाही, दार लोटून घ्यायचं नाही, एवढंच.” नऊ वर्षांच्या मुलीला यातलं काय कळणार? मी विचारलं, “मग पुढच्या रविवारी पेटवायची का?” त्या म्हणाल्या, “पेटवू या.”

आणि पेटवली. पाचवी! अध्यक्ष महोदय, पाचवी मेणबत्ती कुठल्याही चर्चमध्ये नसते. त्या वेळी जे फादर होते ते आले, परातीकडं बघत राहिले, म्हणाले, “सिस्टर, आगमनकाळ संपला.” सिस्टर म्हणाल्या, “तुमचा संपला, फादर. या पोरींचा गुढीपाडव्याला, पट्टा पडला की संपतो.” ते तसेच निघून गेले. पुढच्या वेळी येताना मात्र मेणबत्त्यांचे दोन पुडे घेऊन आले. त्या फादरांचे आज मी जाहीर आभार मानते.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही बऱ्याच जणांनी ऐकली असेल. आज तीन वक्त्यांनी सांगितली, टाळ्याही मिळाल्या. पुढची कुणी सांगितली नाही, कारण इथं जमलेल्यांत ती तिघांनाच माहीत आहे. सिस्टरांना, सारजामावशीला आणि मला. सिस्टर, मी आता ती सांगणार आहे. तुम्ही मान खाली घालू नका.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात वसतिगृहाच्या फोनवर माझ्या वडिलांचा फोन आला. माझी आई, चंद्रभागा, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढत होती. पाय घसरला. ती दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. तिला तिकडंच अग्नी दिला. मुकादमानं दादांना सोडलं नाही. दादा फोनवर म्हणाले, “शिष्टर, पोरीला कायबी सांगू नका. म्या आलो की माझ्या तोंडानं सांगतो. तुमाला तुमच्या देवाची आण हाय.” आणि सिस्टरांनी शब्द दिला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की संक्रांतीपासून सिस्टर रोज सकाळी माझी वेणी स्वतः घालायला लागल्या. बाकीच्या मुली जळायच्या. मी मिरवायचे, म्हणायचे, मी सिस्टरांची लाडकी. वेणी मात्र इतकी ढिली, की शाळेत पोचेपर्यंत सुटायची. ज्या बाईनं तरुणपणापासून डोक्यावरचं कापड काढलं नाही, तिला वेणी कुठून येणार? मी त्यांना म्हणायचे, “सिस्टर, घट्ट घाला ना, आई आली की रागवंल.” आता विचार करते, हे ऐकून त्यांचे हात कसे चालत असतील?

सातव्या मेणबत्तीपासून सतराव्यापर्यंत, अकरा रविवार, मी ‘आई लवकर येऊ दे’ म्हणत काडी ओढली आणि सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या. आधी म्हणायच्या, “आणखी एक रविवार कमी झाला.” नंतर ते म्हणायचं त्यांनी बंद केलं. नुसती वाऱ्याच्या बाजूनं हाताचा आडोसा धरायच्या.

पाडव्याच्या दिवशी दादा आले. एकटेच. फाटकातच खाली बसले आणि सांगितलं. मी रडले नाही. आधी विचारलं, कधी? ते म्हणाले, संक्रांतीच्या आधी. मी विचारलं, आणि सिस्टरांना माहीत होतं? त्यांनी मान डोलावली. मी धावत प्रार्थनेच्या खोलीत गेले आणि ती परात लाथेनं उलथून टाकली. वाळू, मेण, डहाळ्या, सगळीकडं. सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांना मी एक शब्द बोलले, तो या व्यासपीठावरून सांगण्यासारखा नाही.

पुढं मी दहावीपर्यंत इथंच राहिले. जेवले इथं, शिकले इथं, पण मेणबत्ती पुन्हा पेटवली नाही आणि वेणीला हात लावू दिला नाही. नोकरी लागली तेव्हा पेढे सारजामावशीच्या हाती दिले. इतकी मी हट्टी, इतकी मी नालायक.

मागच्या महिन्यात निमंत्रण आलं तेव्हा सिस्टरांना भेटायला आले. वय अठ्ठ्याहत्तर. वसईला, वयस्क सिस्टरांच्या घरी चालल्यात. मला म्हणाल्या, “आगमनकाळाचा जांभळा रंग पश्चात्तापाचा असतो. पंचवीस वर्षं या दिवसांत मी फादरांपुढं कबुली द्यायला बसते आणि तुझं नाव येतं. देवाकडून माफी मिळाली गं. तुझ्याकडची राहिली. संगीता, मी चुकले का?” मी ड्यूटी आहे म्हटलं आणि पळाले. खोटं बोलले, त्या दिवशी माझी सुट्टी होती.

उत्तरेश्वरराव, घड्याळ बघू नका, आलंच आता.

सिस्टर, तुम्ही चुकलात. हो, चुकलात. माझी आई गेली त्या दिवशी मला रडायचा हक्क होता, आणि तो तुम्ही, दादांनी, दोघांनी मिळून अकरा रविवार अडवून ठेवला. मी ज्या देवाला मागत होते, त्याच्याशेजारी उभं राहून तुम्ही ते ऐकलंत. हे मी आजही गोड करून सांगणार नाही.

पण आज माझी स्वतःची मुलगी, राजनंदिनी, नऊ वर्षांची आहे. रोज सकाळी पाचच्या ड्यूटीआधी तिची वेणी घालते. घालताना मला कळलं की ते अकरा रविवार मी एकटी वाट बघत नव्हते. जी येणार नाही हे माहीत आहे तिची वाट तुम्ही माझ्याबरोबर बघितलीत. तुम्हाला ती बातमी एकटीनं वाहावी लागली, आणि वर माझी लाथ मिळाली. त्या लाथेची मी आज, सगळ्यांसमोर, माफी मागते. आणि तुमची राहिलेली माफी ही घ्या. पंचवीस वर्षं उशीर झाला, आमच्या खात्याला शोभेल असा.

सिस्टर, रडू नका हो. मावशी, पाणी द्या त्यांना.

समोर बसलेल्या मुलींनो, तुमचेही आईबाप आज फडात आहेत, मला माहीत आहे. सिस्टर परवा जातील. पुढच्या रविवारी चौथी मेणबत्ती पेटेल, नाताळ होईल, आणि तुम्ही मनात म्हणाल, आता पाचवी कोण पेटवणार? मी. डेपोत अर्ज देऊन पाडव्यापर्यंत माझी साप्ताहिक सुट्टी रविवारची करून घेतली आहे. सारजामावशीनं परात द्यायचं कबूल केलंय, कुरकुरतच.

आणि सिस्टर, तुम्ही निश्चिंत जा. देव करो आणि तसा फोन पुन्हा या घरात न येवो. पण आलाच, तर मी त्या मुलीला त्याच दिवशी सांगेन, शेजारी बसेन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची वेणीही घालीन. घट्ट.

अध्यक्षांनी वेळ दिला, फादरांनी ऐकून घेतलं, आपण सगळे चहा थंड होऊ देऊन बसलात, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते पोटात घाला. माफ करायला माझ्यासारखा उशीर मात्र लावू नका.

नमस्कार.