संगणक गुरुवारपर्यंत घरी ठेवल्याबाबत

सोमवार, सकाळी ११ वाजून २५ मिनिटे.

मी, खाली सही करणार, पूर्ण नाव ठाण्याच्या वहीत नोंदवले आहे, वय २३ वर्षे, शिक्षण नववी पास, व्यवसाय श्रवणयंत्रांच्या दवाखान्यात मदतनीस, राहणार रंगाच्या दुकानाच्या वर, दुसरा मजला, मागच्या जिन्याने. ठाण्यात स्वतः हजर राहून, हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की :

हवालदारांच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी असल्याने आणि माझे अक्षर स्वच्छ असल्याने जबाब मी माझ्याच हाताने लिहीत आहे. ते विचारतात, मी लिहितो. हे लिहीत असताना जप्त केलेला संगणक समोरच्या टेबलावर चालू आहे आणि पडद्यावर ९ टक्के असे दिसत आहे. ते काय आहे ते पुढे येईल. वेळ नोंदवून ठेवतो.

दवाखान्यात मी चार वर्षे आहे. कानाचे साचे घासणे, नळ्या बदलणे, सेल घालून देणे आणि मॅडम सांगतील ते आकडे संगणकात भरणे ही माझी कामे. मॅडम म्हणजे दवाखान्याच्या मालक आणि कान तपासणाऱ्या डॉक्टर. आजची चोरीची तक्रार त्यांनीच दिली आहे. दवाखान्यात संगणक एकच. त्यात २१४ पेशंटची नोंद आहे. कोणाला कोणता आवाज किती वाढवून द्यायचा आणि कोणता दाबायचा, हे प्रत्येकाच्या प्रत्येक कानाला वेगळे असते. ते आकडे त्या संगणकात असतात. कोणाचे कानातले मशीन बिघडले किंवा बदलले, की तिथूनच पाहून भरावे लागतात.

हा संगणक जुन्या सिस्टीमवर चालतो. नवी सिस्टीम पाच महिन्यांपूर्वी आली. ती बसवू नये असे मी कधीही म्हटलेले नाही. तिच्यातल्या चुका दुरुस्त होईपर्यंत थांबावे, एवढेच माझे म्हणणे होते. ठिकठिकाणच्या दवाखान्यांतले लोक त्या चुकांबद्दल जिथे लिहितात ती पाने मी रोज सकाळी दहा मिनिटे फोनवर वाचतो. ती भाषा मला अर्धीच येते, म्हणून शब्दकोश जवळ ठेवतो. एकूण नऊ चुका मी वहीत उतरवल्या. त्यांपैकी सात दुरुस्त झाल्या, एक तर दोनदा. आठवी छपाईची आहे, तिच्यावाचून आमचे अडत नाही. राहिली पाचवी.

पाचवी अशी की नवी सिस्टीम बसवल्यावर पेशंटची नावे दिसतात, पण नाव उघडले की आत आकडे नसतात. आणि त्याच वेळी त्या पेशंटचे मशीन संगणकाला जोडले, तर मशीनमधले आकडेही पुसले जातात आणि ते कारखान्यातून आले तसे होऊन बसते. एका दवाखान्यात असे झाले. तिथल्या माणसाने लिहिले आहे की चार वर्षांच्या मुलीच्या कानात मशीन घातल्यावर ती किंचाळली. त्याखाली त्याने आणखी काही लिहिलेले नाही.

या चुकीची दुरुस्ती येत्या गुरुवारी येणार असे सिस्टीम बनवणाऱ्यांनी कळवले आहे. याआधी त्यांनी दोन तारखा पुढे ढकलल्या हेही खरे आहे.

११ वाजून ४० मिनिटे. २२ टक्के.

हवालदार म्हणाले, "ते टक्के कशाला लिहितोस? गुन्ह्याशी काय संबंध?" मी म्हणालो, "वेळ आणि वस्तुस्थिती लिही असं तुम्हीच सांगितलंत." ते म्हणाले, "बरं, लिही बाबा."

माझ्या सांगण्यावरून मॅडमनी नवी सिस्टीम चार वेळा पुढे ढकलली. हे त्यांच्या बाजूने नोंदवावे. तेव्हापासून दवाखान्यात मला ‘थांबा’ म्हणतात. चहा आला की "थांबासाहेबांना विचारा, आत्ता प्यायचा की दुरुस्त झाल्यावर," असे चालते. माझी त्याला हरकत नाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजता मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. नवीन मशीन जुन्या सिस्टीमवर चालणार नाहीत असे त्याने मॅडमना सांगितले. मला म्हणाला, "अरे, जगभर लोक वापरताहेत. तूच एक शहाणा?" मी म्हणालो, "साहेब, जगभरचे लोक सोमवारी तीन वाजता आमच्याकडे येत नाहीत. शाळेची नऊ मुलं येतात." ती कर्णबधिर मुलांची शाळा आहे. त्या मुलांची मशीन दर तीन महिन्यांनी संगणकाला जोडून तपासतो. त्याने खांदे उडवले, नवी सिस्टीम संगणकात उतरवून ठेवली आणि सोमवारी सकाळी अकराची वेळ लावली. अकरा वाजता किंवा नंतर केव्हाही नेटची वायर लागलेली असली, की ती आपोआप बसू लागते. वायर मी तीन महिने काढून ठेवली होती. त्याने ती परत लावून वरून चिकटपट्टी मारली.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मी मॅडमशी बोललो. सफाईच्या मावशी तिथे हजर होत्या.

"मॅडम, फक्त गुरुवारपर्यंत."

"मागच्या महिन्यातही गुरुवारच होता."

"तो गुरुवार वेगळा होता."

"तू लग्नालाही असाच थांबणार का रे? मुलीतल्या चुका दुरुस्त होईपर्यंत?"

मावशी हसल्या. मीही हसलो. मग मॅडम म्हणाल्या, "सोमवारी. विषय संपला."

६ वाजून ४० मिनिटांनी सगळे गेल्यावर मी संगणकाचा डबा टॉवेलमध्ये गुंडाळून कापडी पिशवीत घातला आणि घरी नेला. पडदा नेला नाही, घरच्या टीव्हीला जोडता येतो. जाण्याआधी चिठ्ठी लिहिली : "संगणक मी सुरक्षित ठेवला आहे. गुरुवारी दुरुस्ती आल्यावर परत आणीन. क्षमा असावी." ती टेबलावर ठेवली. मग वाटले की खिडकीतून कोणी वाचली, तर आत सामान हलवले गेले आहे हे बाहेरच्याला कळेल. म्हणून ती खणात ठेवली. खणाला नेहमी कुलूप असते, ते लावले. किल्ली माझ्याकडे असते. ती आज पंचनाम्यात आली आहे. त्यामुळे मॅडमना चिठ्ठी मिळाली नाही. हे माझ्या लक्षात आज सकाळी दार वाजल्यावर आले.

घरी नेटची वायर नाही. मी शनिवारी रात्रीचे जेवण झाल्यावर थोडा वेळ आणि रविवारी सकाळी सहापासून पेशंटचे आकडे वहीत हाताने उतरवू लागलो. उजव्या कानाला लाल शाई, डाव्याला निळी. गुरुवारची दुरुस्तीही फसली, तर निदान कागदावर असावे म्हणून. "फोटो का नाही काढलेस?" असे हवालदारांनी विचारले. पहिल्या बारा जणांचे काढले होते. टीव्हीवरच्या रेघांमुळे ३ आणि ८ सारखेच दिसत होते. "दुसरी प्रत नव्हती का?" असेही विचारले. आहे. पण ती जुन्याच सिस्टीमवर उघडते, आणि जुनी आता कोणी देत नाही.

आज सकाळी पावणेदहापर्यंत १७१ जणांचे उतरवून झाले होते. ४३ राहिले होते.

११ वाजून ५८ मिनिटे. ३१ टक्के. गेली आठ मिनिटे ३१ वरच आहे.

दार आत्याने उघडले. आत्या माझ्या वडिलांची बहीण, वय ५८. मी सहा वर्षांचा असल्यापासून तिच्याकडे आहे. तिचे दोन्ही कान गेलेले आहेत, मशीनवर ऐकते. हवालदारांनी "मुलगा आहे का घरात?" असे विचारले. ती जिनाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आहे की! आत कॉम्प्युटरवर बसलाय दोन दिवस, जेवायला उठेना. तुम्हीच जरा दम द्या त्याला."

मी पळालो नाही. डबा, टॉवेल, पिशवी, दोन वह्या आणि किल्ली एवढे मी स्वतः काढून दिले. आत्या सोबत आली. तिला घरी थांब म्हटले, तर म्हणाली, "तू काय बोलतोस ते ऐकायला कोण आहे तिथं?"

ठाण्यात मला आतल्या खोलीत नाव-पत्ता घेण्यासाठी बसवले. तेवढ्यात बाहेर, वस्तू चालू स्थितीत मिळाली की बंद, हे पंचनाम्यात लिहायचे असल्याने ठाण्यातल्या टायपिंग करणाऱ्या ताईंनी आपल्या संगणकाच्या सगळ्या वायरी काढून या डब्याला लावल्या. त्यात नेटची वायरही होती. त्यांचा यात दोष नाही. सगळ्या वायरी लावायच्या असतात, असेच कोणालाही वाटेल. त्या वेळी ११ वाजून १४ मिनिटे झाली होती.

मी बाहेर आलो तेव्हा पडद्यावर ४ टक्के होते आणि खाली "संगणक बंद करू नका" असे होते. मी ओरडलो. टेबलाकडे धावलोही. मी पुरावा नष्ट करतो आहे असे समजून हवालदारांनी मला दंडाला धरून बाकावर बसवले. त्यांच्या जागी मी असतो, तर मलाही तसेच वाटले असते. आता वायर काढून उपयोग नाही. अर्ध्यात थांबवले तर संगणक मुळातच उघडत नाही, असे अकरा जणांनी लिहिले आहे.

१२ वाजून २० मिनिटे. ५८ टक्के.

मॅडम समोरच्या खुर्चीत आहेत. त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी हवालदारांना विचारून माझी पहिली वही उघडली. आता दुसरी पाहत आहेत. एकदा त्या ताईंना म्हणाल्या, "दोन्ही कानांचे वेगळे लिहिलेत त्याने." ताई म्हणाल्या, "कुणी शिकवलं?" मॅडम म्हणाल्या, "मीच." मग पान उलटले.

संगणक विकण्याचा माझा हेतू होता का, असे विचारले. नव्हता. कोणी सांगितले होते का? नाही. मॅडमवर राग होता का? नाही. मग भीती कशाची होती, असे विचारले. ती वर लिहिली आहे.

१२ वाजून ४१ मिनिटे. ८६ टक्के.

१२ वाजून ५८ मिनिटे. १०० टक्के. पडदा काळा झाला. १ वाजून ४ मिनिटांनी परत उजळला.

मॅडम उठून टेबलाशी बसल्या. त्यांनी पेशंटची यादी उघडली. २१४ नावे आली. त्यांनी पहिले नाव उघडले. आत आकडे नव्हते. दुसरे उघडले. नव्हते. मग त्यांनी विचारले, "तुझ्या आत्यांचा नंबर काय?"

मी म्हणालो, "दोनशे तीन."

त्यांनी ते उघडले. आत्याचे आकडे बसायला सात महिने लागले होते. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून आत्या काहीही विचारले की "छान ऐकू येतं" म्हणायची. घरात ताट पडल्यावर ती दचकते का, रिक्षाच्या हॉर्नला कान झाकते का, हे मी वहीत लिहून आणायचो आणि मॅडम त्यावरून एकेक आकडा हलवायच्या. त्यातले काही नव्हते.

"वहीत आहेत?"

"नाहीत. वही एकशे एकाहत्तरपर्यंत आहे."

"मग त्यांचे आधी का नाही घेतलेस?"

"क्रमाने चाललो होतो."

हवालदारांनी हे लिहायचे का असे विचारले. मी लिहितो म्हटले.

थोड्या वेळाने मॅडमनी विचारले, "आता काय करायचं?" मी सांगितले की एकाही पेशंटचे मशीन या संगणकाला जोडायचे नाही, शाळेची मुले आज यायला नकोत आणि गुरुवारपर्यंत थांबायचे. दुरुस्ती तपासून पाहणाऱ्या एकाने आकडे परत आले असे लिहिले आहे. दुसऱ्याने अर्धेच आले असे लिहिले आहे. मी दोन्ही सांगितले. मॅडमनी इथूनच शाळेत फोन करून मुलांना आणू नका असे कळवले. वेळ १ वाजून १५ मिनिटे.

एवढे लिहून मी कागद हवालदारांकडे दिले. ते वाचू लागले. आत्या बाकावरून म्हणाली, "मोठ्यानं वाचा हो दादा, मलाही कळू दे." तेव्हापासून ते मोठ्याने वाचत गेले. दोनशे तीन आल्यावर आत्याने हात वर केला आणि तेवढे पुन्हा वाचायला लावले. पुढचे माझ्या विनंतीवरून भर म्हणून लिहीत आहे.

आत्या म्हणाली, "म्हणजे माझे गेले?"

मी तिच्याकडे तोंड करून सांगितले, "कानातल्या मशीनमध्ये आहेत. ते भिजवू नकोस, कुणाला जोडू देऊ नकोस. संगणकातले गेले की नाही, ते गुरुवारी कळेल."

"ते राहू दे रे. गुरुवारपर्यंत तुला सोडतात का, ते विचार आधी."

हवालदारांनी ठाण्याच्या वहीत पाहिले. मॅडमनी त्यांच्याकडे एक कोरा कागद मागितला आणि तक्रार मागे घेण्याचा अर्ज कोणाच्या नावे लिहायचा ते विचारले. हवालदार म्हणाले, "ठाणे अंमलदारांच्या. पण बाई, संगणक लगेच मिळेल असं समजू नका. तो मुद्देमाल झालाय."

मॅडम म्हणाल्या, "संगणक राहू द्या. आधी याला सोडा. राहिलेल्या त्रेचाळीस जणांना फोन करायचेत, मशीन घेऊन कुठं जाऊ नका म्हणून. मला एकटीला व्हायचं नाही ते." टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्या अर्ज लिहायला बाकावर येऊन बसल्या. आत्या सरकली.

हा जबाब मी माझ्या हाताने लिहिला. हवालदारांनी तो माझ्या आत्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचला, नंतरची भरही तशीच वाचली. त्यात माझ्या सांगण्याबाहेरचे काही नाही आणि सांगितलेले काही गाळलेले नाही. दुपारी १ वाजून ५० मिनिटे. सही.