हिप्परखेड्याच्या शाळेला लागलेले कुलूप

मी सौ. वर्षाराणी सुदर्शन घोरबांड, वय ३७ वर्षे, धंदा नोकरी (प्राथमिक शिक्षिका), सध्या राहणार मौजे हिप्परखेडा, जिल्हा लातूर, मूळ राहणार कंधार, जिल्हा नांदेड. आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन सांगते की,

हिप्परखेड्याच्या जिल्हा परिषद शाळेत मी सहा वर्षांपासून नोकरीस आहे. शाळा पहिली ते चौथी, खोल्या दोन, मंजूर शिक्षक दोन. दुसरे शिक्षक मन्मथ सर तीन वर्षांखाली बदलून गेले व त्यांच्या जागी कोणी आले नाही. तेव्हापासून चारही वर्ग मीच घेते, पोषण आहार मीच बघते आणि वरून मागतील ती ऑनलाइन माहितीही मीच भरते. माझी स्वतःची बदली नांदेड जिल्ह्यात मंजूर झालेली आहे. परंतु मी गेले तर शाळा शून्यशिक्षकी होते म्हणून मला कार्यमुक्त करत नाहीत. माझे पती, सासूबाई व चौथीतली मुलगी सृष्टी कंधारला राहतात. मी शनिवारी दुपारच्या एसटीने जाते व रविवारी संध्याकाळी परत येते. हा जबाब लिहून घेणारे हवालदार संगप्पा स्वामी यांनी हे विचारले नव्हते. मीच सांगितले, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

काल सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर शाळेत गेले. पोषण आहाराच्या तांदळाला उंदीर लागले होते, ती पोती आतल्या खोलीत नेऊन विटांवर ठेवायची होती. व्हरांड्याला लोखंडी जाळीचे दार आहे. ते मी नुसते लोटून घेतले व आत गेले.

त्या दिवशी गावकरी शाळेला कुलूप ठोकणार हे मला माहीत होते. शिक्षक मिळत नसला की गाव शाळेला कुलूप ठोकते, मग अधिकारी येतात, बोलणी होतात आणि कुलूप निघते. आमच्या भागात हे नवीन नाही. पण शाळा भरायच्या वेळेला, सगळे जमल्यावर ठोकतील असा माझा समज होता. त्यांनी राहुकाळ संपल्याबरोबर नऊलाच ठोकले. मी आत पोती ओढत होते. घोषणा ऐकू येत होत्या, मला वाटले तयारी चालू आहे.

कुलूप बजरंग सूर्यवंशी या पालकाने लावले. नारळ फोडला, किल्ली नेऊन मारुतीच्या पायाशी ठेवली आणि नवीन शिक्षक गावात आल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही अशी सगळ्यांनी मारुतीची शपथ घेतली. एवढे सगळे रीतसर केले, फक्त आत कोणी आहे का ते कोणी बघितले नाही. मी साडी झटकत बाहेर आले तर कुलूप. जाळीपलीकडे शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष तारामती बिराजदार उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई! म्याडम, तुम्ही आत कशा?" मी म्हटले, "मी रोजच आत असते. बघून तरी ठोकायचं."

बजरंगचे तोंड एवढेसे झाले. तो म्हणाला, "लई चुकलं म्याडम. डोक्यातच न्हाई आलं. आत्ता किल्ली आणतो, मारुतीपुढं नाक घासतो." त्यावर दोघे-तिघे म्हणाले की शपथ मोडायची नाही. बाकीचे म्हणाले, मग काय बाईमाणसाला कोंडायचं का? त्यांची आपसातच जुंपली. मला रागही आला आणि हसूही आले. मी त्यांना सांगितले, किल्ली आणू नका. तीन वर्षे अर्ज करून कोणी फिरकले नाही, आता ठोकलेच आहे तर राहू द्या.

आतल्या खोलीला मागून पत्र्याचे दार आहे. त्याची कडी तुटलेली असून ते तारेने बांधलेले आहे. दुरुस्तीचा अर्ज मी दिला होता, दुरुस्ती झाली नाही, ते या कामी बरेच झाले. तार सोडली की कोणीही बाहेर येते. शाळेच्या शौचालयाला पाणी नाही, त्यामुळे मी रोज मागच्या बाजूने तारामतीबाईंच्या घरी जाते. कालही मधल्या सुट्टीच्या आधी त्यांच्या घरी गेले, अर्धा कप चहा घेतला आणि परत येऊन जाळीच्या आत बसले. मला कोणी अडवले नाही. शाळेभोवती उपोषणासारखे बसलेल्या गावकऱ्यांपैकी एका म्हाताऱ्या बाबांनी येता-जाता नमस्कार केला.

कुलूप लागल्याचे ऐकूनही मुले दप्तरे घेऊन आली. मी फळा जाळीपाशी ओढला व मुलांना समोर लिंबाच्या सावलीत बसवले. पालक मागे रिकामे बसून होते, त्यांना पहिली-दुसरीकडून पाढे म्हणून घ्यायला लावले. बजरंगला सतराचा पाढा येत नाही. त्याची मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "पप्पा, नुसतं तोंड हलवायलात तुम्ही." तांदूळ मी वाटीवाटीने जाळीतून बाहेर दिले, खिचडी बाहेर शिजली आणि माझे ताट खालच्या फटीतून आत आले. दोन वर्ग कोणीतरी सांभाळत आहे आणि दोन वर्ग मी धड शिकवत आहे, असा तीन वर्षांत हा पहिलाच दिवस होता. मला तो दिवस फार आवडला. हवालदार म्हणाले की हे लिहायची गरज नाही. मी म्हटले, लिहा.

तीनच्या सुमारास आमचे विस्तार अधिकारी अनंतराव सास्तूरकर साहेब जीपने आले. त्यांच्याकडे नवीन शिक्षकाच्या नेमणुकीचा आदेश नव्हता. त्यांनी मला जाळीच्या आत पाहिले, मोबाइलवर फोटो काढला व चालकाकडून दगडाने कुलूप फोडून घेतले. सरकारी कामावरील महिलेस डांबून ठेवले अशी तक्रार त्यांनी बजरंग व तारामतीबाई यांच्या नावाने दिली. फोटो खरा आहे. त्यात मी जाळीमागे उभी आहे. माझ्या हातात खडू आहे, तोही बघावा.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला, तेव्हा मी तारामतीबाईंच्या ओसरीत होते. ते म्हणाले, "ताई, डांबलं होतं एवढंच सांगा. तिथं तुम्हाला धोका आहे असं दाखवून मी तुमचा प्रस्ताव वर पाठवतो. येत्या सोमवारी कार्यमुक्तीचा आदेश तुमच्या हातात. लेकराला किती दिवस आईवाचून ठेवता?"

मी त्यांना लगेच नाही म्हटले नाही, हेही लिहावे. मला कंधारला जायचे आहे. फार जायचे आहे. सृष्टी हल्ली फोनवर दोन शब्द बोलते आणि फोन आजीकडे देते. मागच्या शनिवारी मी तिचे केस विंचरायला घेतले तर म्हणाली, "आजीला जमतंय, तू बस." मला रडू आले, मी स्वयंपाकघरात गेले.

आज सकाळी ठाण्याबाहेर बजरंग व तारामतीबाई बाकावर बसलेले होते. तारामतीबाई मला म्हणाल्या, "म्याडम, तुमच्या लेकीकडं जायचं बघा. आमचं काय, आम्ही जामीन घेऊ." त्या रागाने किंवा टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. माझी पिशवी बाकावरून पडत होती, ती त्यांनी नीट ठेवली.

तरी मी सांगते की, मला कोणीही डांबून ठेवले नाही. मी माझ्या मर्जीने आत बसले होते व काम करत होते. बजरंग व तारामतीबाई यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. यामुळे माझी कार्यमुक्ती लांबेल हे मला समजते.

कोणाविरुद्ध तक्रार आहे काय, असे हवालदारांनी विचारले. मी म्हटले, आहे. मंजूर जागा तीन वर्षे रिकामी ठेवून एका गावची लेकरे आणि एका लेकराची आई अडकवून ठेवली आहे, ज्यांनी ठेवली त्यांच्याविरुद्ध लिहून घ्या. हवालदारांनी आत जाऊन फौजदार साहेबांना विचारले. अशाला कलम नाही, असे साहेबांनी सांगितले. तसे असेल तर निदान मी विचारले होते एवढे लिहा म्हटल्यावर त्यांनी ते लिहिले.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मग मीही वाचला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते. आता सव्वाअकरा झाले आहेत. मी इथे आहे, म्हणजे आज शाळेत कोणीच नाही. मला लवकर सोडावे.

सही/-
व. सु. घोरबांड