हजेरी क्रमांक वीस

मी, वय त्रेचाळीस, धंदा प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहणार शाळेमागच्या खोल्या, समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी पती व सासूबाईंसह राहते. शाळेत शिकवायला मी एकटीच, म्हणून मुख्याध्यापिकाही मीच.

पटावर वीस विद्यार्थी नसतील तर आमची शाळा बंद होणार आहे. मोठ्या शाळेची गाडी दारात येऊन मुलं नेते. आमच्याकडे गाडी नाही. घरोघरी फिरून मी चपला झिजवल्या, तरी पट एकोणीसवर अडला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला घाल." त्यांचं वय सहासष्ट. शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मी नियम काढून पाहिला. त्यात कमीत कमी वय लिहिलं आहे, जास्तीत जास्त लिहायचं कुणाला सुचलेलं नाही. पहिलीत त्यांचं नाव घातलं.

नावापुरतंच घातलं होतं, हे कबूल करते. पण त्या रोज माझ्याआधी येऊन पहिल्या बाकावर बसू लागल्या. आठ महिन्यांत एक खाडा नाही. घरी मला सूनबाई म्हणतात, वर्गात हात वर करून 'बाई'.

आज दुपारी तीनला पटाची तपासणी होती. माझा जीव टांगणीला लागला होता. सकाळी शुद्धलेखन घेतलं, त्यात सासूबाईंचे दहापैकी सात शब्द चुकले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "लक्ष कुठं असतं तुमचं?" मी असं बोलायला नको होतं. मधल्या सुट्टीनंतर त्यांचा बाक रिकामा होता. दप्तरही नव्हतं.

अधिकाऱ्यांनी डोकी मोजली, एकोणीस भरली. विसावं मूल कुठं, असं विचारलं. सुट्टीत निघून गेलं, असं मी सांगितलं. मूल परस्पर गेल्यास ठाण्यात कळवावं लागतं, असं म्हणून ते मला इथं घेऊन आले. हवालदारांनी वर्णन विचारलं. निळं दप्तर, पांढरा अंबाडा, गुडघेदुखी, एवढं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि हे मूल मी पटात धरणार नाही असं सांगितलं.

शोध घेता सासूबाई बाजारात मिळाल्या. चुकलेले शब्द दुकानांच्या पाट्यांवर हुडकून वहीत उतरवत होत्या. सहा मिळाले होते. सातवा 'विद्यार्थी', तो कुठल्याच पाटीवर नव्हता.

ठाण्यात आल्यावर त्या मला म्हणाल्या, "घरी बोलली असतीस तर चाललं असतं. वर्गात, माझ्या बरोबरीच्या पोरांसमोर बोललीस." मी सर्वांसमक्ष माफी मागितली.

सदर जबाब मला हजेरी क्रमांक वीस यांनी ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवला. पाऊण तास लागला. अधिकारी आधी उभे होते, मग बसले. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

पुढील मजकूर वाचनानंतर वाढवला: 'विद्यार्थी' आल्यावर त्या थांबल्या व तो वहीत उतरवून घेतला. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या कागदावरचे एकोणीस खोडून वीस लिहिले. साक्षीदार म्हणून अंगठा घेण्यासाठी हवालदारांनी शाईचं पॅड पुढं केलं. सासूबाईंनी ते मागं सारून पेन मागितलं.