विटांवरची जीप

गिरधर : ...आणि अठराव्या क्रमांकाला आभारप्रदर्शन, एकोणिसाव्याला राष्ट्रगीत. झाला की नाही आटोपशीर कार्यक्रम?

हाशम : आणि जेवण, सेक्रेटरीसाब?

गिरधर : सहाव्या क्रमांकाला. स्वागतगीत आणि प्रास्ताविक यांच्यामध्ये.

हाशम : मग सातव्या क्रमांकाला मी खुर्च्या गोळा करायला घेतो. मागच्या साली हेच झालं. लोकांनी श्रीखंड खाल्लं, हात धुतले, त्याच हातांनी नमस्कार केला आणि निघून गेले. आधारनाना दोन तास बोलले. समोर तुम्ही, मी आणि मांडवाचा मधला खांब.

गिरधर : खांब कशाला मोजता?

हाशम : तिघांत शेवटपर्यंत ताठ तोच होता.

लिलाबाई : गिरधरभाऊ, मागच्या कार्यक्रमातून आपल्या मंडळाला मिळालं काय?

गिरधर : अक्का, अशा कार्यक्रमाचं मोल पैशात करायचं नसतं. वातावरणनिर्मिती किती झाली! शिवाय देणगीदारांच्या बावीस शाली, बावीस नारळ वजा जाता...

लिलाबाई : वजा जाता?

गिरधर : एक नारळ उरला.

लिलाबाई : त्या नारळावर जीप चालत नाही. पेशंट आणायला ठेकेदारानं जुनी जीप दान दिली त्याला आठ महिने झाले. तिथंच, नूर महंमदच्या गॅरेजात विटांवर उभी शे. चाकं नाहीत, बॅटरी नाही, टप नाही. जागेचा मालक म्हणतो, महिनाअखेर उचला, नाहीतर भंगारवाला बोलावतो.

गिरधर : म्हणून तर एकोणीस कार्यक्रम ठेवलेत!

लिलाबाई : मी पिंपळनेरला सव्वीस वर्षं नर्स होते. वरच्या पाड्यांवरून अडलेली बाई बैलगाडीत घालून आणतात. चार तास. मागल्या भादव्यात केसरबाईला आणलं. गाडीतून उतरवली तेव्हा हातात नाडी नव्हती. तिच्या नवऱ्यानं बैल सोडले, आणि बैलांना पाणी पाजत बसला. दुसरं काय करणार? मला भाषण नको, भाऊ. चार चाकं पाहिजेत.

हाशम : एक बोलू? तीस वर्षं झाली, मी धुळ्यातल्या लग्नांत भोंगे लावतो. भाषण ऐकून खिशात हात घातलेला माणूस पाहिला नाही. घातला तर रुमालासाठी. पण लग्नात माइकवर आहेर पुकारा. ‘अमक्या गावच्या तमक्या पाटलांकडून पितळी हंडा!’ बाहेर पान खात उभा असलेला व्याही आत येतो. दुसऱ्याचा हंडा ऐकून घरी जाऊन घागर घेऊन आलेले मी पाहिलेत.

लिलाबाई : हंडे काय करू मी?

हाशम : मग चाकं पुकारू! स्टेजच नको. त्या जागी खाली जमिनीवर जीप ठेवू, विटांसकट. टायरचा आहेर आला की नूर तिथल्या तिथे बसवील. बॅटरी आली, बसवली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

गिरधर : पाना घेऊन? तेलकट कपड्यांत? प्रमुख पाहुण्यांसमोर?

हाशम : आपला माणूस भाषण सोडून जातो, लग्नही सोडून जातो. उघडं बॉनेट सोडून गेलेला एक दाखवा. रस्त्यात ट्रक बंद पडला की चाळीस जण उभे राहतात आणि चाळीसच्या चाळीस सल्ला देतात.

गिरधर : आणि जेवण?

लिलाबाई : असोद्याची वांगी मागवा, भरीत करू. गाडी सुरू झाल्यावरच वाढायचं.

हाशम : वांगी भाजायचा जाळ मांडवाच्या उत्तरेला लावतो. थंडीत वारा तिकडूनच येतो. भूक लागलेला माणूस जागचा हलत नाही, आणि लवकर उदार होतो.

गिरधर : पण आधारनाना? माजी सभापती आहेत. भाषणाशिवाय ते येणार नाहीत.

हाशम : त्यांना जीपमध्ये बसवा. स्टेअरिंगवर. सगळ्यांत मोठा मान!

गिरधर : त्यांना गाडी चालवता येते?

हाशम : नाही. पण माइकची वायर तिथपर्यंत पोचत नाही.

लिलाबाई : कार्ड छापा, गिरधरभाऊ. रविवार, सकाळी साडेदहा. त्याआधी टीव्हीवरची मालिका सोडून कोणी उठणार नाही.

गिरधर : शाली किती?

लिलाबाई : एकही नाही.

गिरधर : अक्का, शालीशिवाय सार्वजनिक जीवन उघडं पडेल हो!

(रविवार, २२ जानेवारी १९८९. धुळ्यात, जिनिंगच्या आवारातला मांडव. मागच्या बाजूला अॅम्प्लिफायरपाशी तिघं.)

हाशम : हॅलो, हॅलो. सरकीवाले देवचंद शेठ यांजकडून जीपला दोन टायर, ट्यूबसकट! नूरभाई, बसवा.

गिरधर : अक्का, टाळ्या ऐकल्या? बिनशालीच्या टाळ्या!

लिलाबाई : पण केळीवाले तोतारामबापू उठून निघाले. देवचंदचं नाव ऐकून रागावले असतील. नगरपालिकेच्या निवडणुकीपासून दोघं बोलत नाहीत.

हाशम : चपला इथंच आहेत त्यांच्या. अनवाणी गेलेला माणूस परत येतो. बघा, आले! मागं हमाल, हमालाच्या डोक्यावर टायर... हॅलो, तोतारामबापू, केळीचे व्यापारी, यांजकडूनही दोन टायर!

गिरधर : अहो, बापू चिडलेत. देवचंदची चाकं पुढं आणि माझी मागं का, म्हणतात. चाकं परत नेतो म्हणतात!

लिलाबाई : हाशमभाऊ, काहीतरी करा. दोनच पायांचं जनावर घेऊन मी कुठं जाऊ?

हाशम : हॅलो. मंडळी, जाणकारांना सांगायला नको. पुढची चाकं नुसती वळतात. घाट चढायचा तो मागच्या चाकांच्या जोरावर. तो जोर तोतारामबापूंचा!

गिरधर : बापू हसले. पण आता देवचंद शेठ उठले. त्यांना मागं पाहिजे.

हाशम : नूरभाई, अदलाबदल करा.

गिरधर : आता पुन्हा बापू...

हाशम : नूरभाई, पुन्हा करा. सेक्रेटरीसाब, घड्याळ बघा. अर्धा तास झाला, लहान लेकरूसुद्धा हललेलं नाही.

लिलाबाई : शेवटी कसं बसवलं?

हाशम : डावीकडची दोन शेठजींची, उजवीकडची दोन बापूंची. आता अर्धा घाट याचा, अर्धा त्याचा.

गिरधर : अक्का, वास सुटला! वांगी भाजायला लागली. लोक माना वळवताहेत. पुढच्या रांगेतले पुना शेठ तर उभेच राहिले.

हाशम : हॅलो. पंगत तयार आहे. फक्त बॅटरी यायची आहे. बॅटरी आली की गाडी सुरू, गाडी सुरू की पानं मांडली.

लिलाबाई : हे जरा जास्त होतंय, भाऊ.

हाशम : थांबा... पुना शेठ निघाले. गेटबाहेर त्यांची मोटार आहे. बॉनेट उघडलं. या अल्ला, स्वतःच्या गाडीची बॅटरी काढून आणताहेत!

गिरधर : घरी कसे जातील?

हाशम : भरीत खाल्ल्यावर सुचेल काहीतरी.

लिलाबाई : ती कोण? सकीना ना? अन् अकबरी. हातात काय शे?

हाशम : मोहल्ल्यातल्या बायकांनी मिळून ताडपत्रीचा टप शिवलाय. मागं टाकायला कापसाची गादीही. सकीना म्हणते, नाव नका पुकारू.

लिलाबाई : पुकारा! सगळ्यांत मोठ्यांदा पुकारा.

हाशम : हॅलो! सकीना, अकबरी आणि बठ्ठ्या, सगळ्या मोहल्ल्याच्या बायकांकडून...

गिरधर : अक्का, लोक उभे राहिलेत! अजून रांग लागलीय. बाजार समितीचा हमाल उखर्डू आलाय. हमालांतर्फे एक महिन्याचं डिझेल. कौतिक मास्तरांनी बुद्धविहारात ठराव केला, त्यांच्याकडून औषधांची पेटी. हॉर्न तर तीन आले! तीन हॉर्नचं काय करू?

लिलाबाई : एक बसवा. दोन आधारनानांना द्या.

हाशम : नूरभाईनं हात वर केला. झालं सगळं. विटा काढल्या. आता चावी... हूं. परत... हूं.

गिरधर : सुरू होत नाही! संपलं. एकोणीस कार्यक्रम ठेवले असते तर ही वेळ आली नसती.

लिलाबाई : आठ महिने विटांवर होती. माणूस आठ महिने खाटेवर पडला तर उठेल का एकदम? धक्का मारा तिला.

हाशम : हॅलो! मंडळी, सर्वांनी जीपला हात लावायचा आहे. ज्यांनी आहेर दिला त्यांनी, आणि ज्यांचा राहिला त्यांनी तर लावायचाच!

गिरधर : अहो, सगळा मांडव उठला! देवचंद शेठ डावीकडून, बापू उजवीकडून. धोतराचा काचा मारलाय बापूंनी. शेठजी म्हणतात, ‘अरे तोता, जोर लाव!’

लिलाबाई : बोलले?

गिरधर : बापू म्हणाले, ‘लावतोय ना रे!’ पण अक्का, स्टेअरिंगवर आधारनाना आहेत अजून! हाशमभाऊ, त्यांना सांगा!

हाशम : नाना, क्लच सोडा! क्लच! डाव्या पायाखाली... नाना म्हणतात, पूर्वसूचना द्यायला हवी होती.

लिलाबाई : नूर शिरला आत. त्यानं सोडला... हां! ऐका. ऐका तो आवाज!

गिरधर : लागली! अक्का, लागली! काळा धूर काढला तिनं! टोप्या उडवताहेत लोक!

हाशम : नाना अजून आतच आहेत.

गिरधर : नूरशेजारी बसून आवाराला चक्कर मारताहेत. हात हलवताहेत. मला वाटतं, भाषणापेक्षा हे त्यांना आवडलं.

लिलाबाई : पंगत बसवा, भाऊ. उपाशी ठेवून फार छळलं लोकांना.

गिरधर : बसवतो, बसवतो. पुढच्या वर्षी याहून मोठा कार्यक्रम घेऊ. जीपच्या जागी ट्रक! पण आधी फोटो. अक्का, नाना उतरलेत. पुढच्या सीटला हार बांधलाय तुमच्यासाठी. बसा ना.

लिलाबाई : पुढं नूर बसू दे. मी मागं जाते.

गिरधर : मागं? फोटोत दिसणार नाही तुम्ही! आणि हे काय, आडव्या कशाला पडता? बरं वाटत नाही का?

लिलाबाई : मला काही झालं नाही. नूर, साक्री रोडला घे, जिथं जास्त खड्डे असतील तिकडून. माझ्यासाठी हळू करू नको. अडलेल्या बाईला किती हादरे बसतील, ते आधी माझ्या पाठीला कळू दे.